चंद्राची चतुःसीमा

वऱ्हाडात सरकारी नोकर सेवानिवृत्त झाला म्हणजे त्याने शेष आयुष्य कसे घालवावे, याचा फैसला समाजाने फार पूर्वीच करून दप्तरी दाखल केलेला असून त्यात फेरफार करण्याचा अधिकार खुद्द निवृत्त इसमास नाही. त्याने प्रातःकाळी मालटेकडीकडे फिरावयास जावे, परतल्यावर घरी पऱ्हाटीचे एक झाडही नसताना कापसाचा भाव मोठ्याने वाचावा, दुपारी कूलरपुढे आडवे होऊन घोरावे व उठल्यावर झोप लागली नाही असे सांगावे, सायंकाळी अंबादेवीचे दर्शन घेऊन देवळाबाहेर चपला सांभाळीत राज्यकारभारावर टीका करावी, आणि वर्षातून एकदा शेगावी जाऊन यावे, एवढी त्याची वहिवाट ठरलेली आहे. या वहिवाटीतून कोणी तबला शिकू लागला तर शेजारी खिडक्या लावून घेतात, परंतु क्षमा करतात. कोणी होमिओपॅथीच्या गोळ्या वाटू लागला तर त्या मुकाट्याने घेऊन तुळशीत टाकतात. मात्र साठी उलटलेला मनुष्य परीक्षा असलेला अभ्यासक्रम, तोही आकाशाचा, तोही मोबाइलवर आणि वर स्वतःच्या पैशाने घेतो, ही गोष्ट आमच्या अमरावतीतल्या गल्लीच्या कोणत्याही नमुन्यात बसेना.

“साहेब, आता ह्या वयात हे कायले बाप्पा?” समोरच्या गृहस्थांनी फाटकाशी येऊन विचारले. “जमीन मोजून पोट नाही भरलं काय?”

थट्टेने विचारलेल्या या प्रश्नात त्यांच्या कल्पनेपेक्षा अधिक तथ्य होते. माझी उभी हयात भूमी अभिलेख खात्यात गेली. शंकुसाखळीच्या मोजणीत तेहतीस फुटांची एक साखळी, साखळीचे सोळा आणे, आणि साखळीच्या चौरसाचा एक गुंठा, एवढ्या सामग्रीवर आम्ही या प्रांतातल्या सख्ख्या भावांची वैरे मोजली. धुरा वीतभर इकडे सरकला की तिकडे, या एका मुद्द्यावर जेथे तीन पिढ्या एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत, तेथे मोजणीदाराच्या हातून अर्धा आणा इकडचा तिकडे झाला तर त्याची वार्षिक वेतनवाढ प्रथम जाते आणि झोप नंतर जाते. अशा धाकात वाढलेल्या मनुष्याला, ज्या शास्त्रात अंतरे सांगताना शून्ये मोजण्याचाही कंटाळा करतात, त्या शास्त्राविषयी कुतूहल वाटावे यात नवल ते काय?

प्रवेशाचे सोपस्कार माझ्या नातीने पार पाडले. भारत सरकारने २०१७ साली ‘स्वयम्’ नावाचे व्यासपीठ उघडले, त्याच्या आधी पाच वर्षे अमेरिकेत असल्या सार्वत्रिक वर्गांची लाट आली होती, आणि तेव्हापासून वय, जात, शिक्षण, गुणपत्रिका यांपैकी काहीही न विचारता वाटेल त्यास वाटेल ते शिकविण्याचा परिपाठ जगभर पडला आहे, अशी माहिती तिने मला दिली. वय विचारीत नाहीत हे मात्र अक्षरशः खरे नव्हे. जन्मसालाच्या रकान्यात सालांचे एक चाक असते, ते अंगठ्याने खाली लोटावे लागते, आणि माझे साल येईपर्यंत मोबाइल फोन गेला, दूरदर्शन गेले, आणीबाणी आली व गेली, बांगलादेशाचे युद्ध झाले, अंगठा दुखू लागला, आणि शेवटी नात म्हणाली, “आबा, अजून किती खाली?” यापेक्षा जन्मतारखेचा दाखला मागितला असता तर मनाला कमी लागले असते.

प्राध्यापक सातासमुद्रापलीकडच्या विद्यापीठातले, सडपातळ, प्रसन्न आणि हातात सदैव कॉफीचा प्याला. त्यांचे व्याख्यान कमीअधिक वेगाने ऐकण्याची कळ पडद्यावर असते. मूळ वेगाने ते मला समजत नसत, पाऊणपट वेगाने लावले की ते प्याल्यात कॉफी आहे याबद्दल संशय उत्पन्न होई, आणि नात तेच व्याख्यान दीडपट वेगाने ऐकून, मी पहिली आकृती वहीत उतरवतो न उतरवतो तोच, ‘सोपं आहे’ असा निकाल देऊन मोकळी होई.

परंतु ज्या गोष्टीने मी खरोखर स्तिमित झालो ती खगोलातली नसून प्रशासनातली होती. प्रत्येक स्वाध्यायास मुदत असे, मुदत टळली म्हणजे पडद्यावर तांबडी अक्षरे उमटत, आणि त्याखालीच मुदत पुढे ढकलण्याची एक कळ असे. ती दाबताच मुदत वाढे! अर्ज नाही, त्यावर तिकीट नाही, विलंबाचे कारण नाही, ‘वरिष्ठांकडे सादर’ नाही, पुन्हा येऊन चौकशी करणे नाही. या देशात अशी कळ कोणी बसविली तर निम्मी कार्यालये ओस पडतील, हा विचार मनात येऊन मी ती कळ पुष्कळ वेळ नुसता न्याहाळीत बसलो.

याहून चमत्कारिक प्रकार निबंधांचा. ते प्राध्यापक तपाशीत नाहीत; विद्यार्थ्यांनीच परस्परांचे तपासावयाचे, आणि आधी दुसऱ्यांची प्रकरणे निकाली काढल्यावाचून आपले पुढे सरकावयाचे नाही, असा दंडक. परीक्षक अज्ञात, परीक्षार्थी अज्ञात. मी या कामी पूर्वीच्या सवयीने गोपनीय अहवालाची भाषा वापरली. दुर्बिणींच्या इतिहासावर लिहिणाऱ्या कोणा परदेशस्थास मी ‘विषयाचे ज्ञान समाधानकारक; वर्तणूक चांगली; सचोटी निर्विवाद’ असा शेरा दिला आणि त्याने कदाचित तो चौकटीत लावूनही ठेवला असेल. माझ्या निबंधावर मात्र कोणीतरी लिहिले की माहिती रंजक आहे, परंतु वाक्ये फार लांब आहेत. याविरुद्ध अपिलाची तरतूद नाही.

तो निबंध लोणारवर होता. बुलढाणा जिल्ह्यातले ते सरोवर म्हणजे बेसाल्टच्या कातळात अशनीच्या आघाताने पडलेला, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अंमलदाराने त्याची नोंद केली, २०२० साली त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा साऱ्या वऱ्हाडाने ते मोबाइलवर पाहिले. आम्ही शाळेतून सहलीस जात असू तेव्हा गुरुजी त्याचे वय पन्नास हजार वर्षे सांगत, आणि एका पद्धतीने ते तसे येतेही. पुढे अरगॉन वायूच्या साहाय्याने खडकाचे वय काढले तेव्हा ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. अकरापटीची तफावत! आणि कोणी निलंबित झाले नाही, कोणाचा खुलासा मागविला नाही. उलट दोन्ही आकडे एकाच परिच्छेदात सलोख्याने नांदताना मी पाहिले.

विश्व किती वेगाने प्रसरण पावते यासंबंधीही हेच. विश्वाच्या आरंभकाळच्या प्रकाशावरून हिशोब केला तर तो आकडा सदुसष्टाच्या आसपास येतो, जवळच्या दीर्घिकांवरून केला तर त्र्याहत्तराच्या आसपास, आणि दोन्ही पक्ष आपापली मोजणी बिनचूक असल्याचे शपथेवर सांगतात. आमच्याकडे अशा वेळी दोन्ही टिपणे समोर ठेवून रुजवात घालतात व तरीही न जुळल्यास फेरमोजणीचा हुकूम निघतो. खगोलशास्त्रज्ञ परिषद भरवितात. देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षांवरून सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने आपल्या हद्दीकडे येत आहे, हे उघड अतिक्रमण असता पूर्वी टक्कर निश्चित मानीत, आणि २०२५ सालच्या गणिताप्रमाणे येत्या दहा अब्ज वर्षांत ती होण्याची शक्यता निम्मीच आहे. प्रकरण प्रलंबित आहे, एवढेच त्यातून मला समजले, आणि तेवढे मला परिचयाचे वाटले.

प्लूटोच्या बाबतीत मात्र घाई झाली असे माझे स्पष्ट मत आहे. प्राग शहरात २४ ऑगस्ट २००६ रोजी बैठक भरवून, हात वर करून, शहात्तर वर्षे ग्रहपदी असलेल्या अधिकाऱ्याची पदावनती करण्यात आली. कारणे दाखवा नोटीस नाही, बाजू मांडण्याची संधी नाही. आपल्या कक्षेचा परिसर त्याने साफ ठेवला नाही हा मुख्य आरोप. हा निकष भूतलावरील कार्यालयांस लावला तर किती खातेप्रमुख टिकतील?

आता वस्तुतः खगोलशास्त्र हे आमच्याच खात्याचे थोरले भावंड आहे, हा साक्षात्कार मला अभ्यासक्रमाच्या मध्यावर झाला, आणि तेव्हापासून माझी भीड चेपली. एखाद्या विहिरीपर्यंत साखळी नेता येत नसेल तर आम्ही पाया धरून दोन टोकांवरून तिचे कोन घेतो. बेसेलने १८३८ साली हंस तारकासमूहातल्या एका अंधूक ताऱ्याचे अंतर काढले ते नेमके असेच. पाया तेवढा त्याने पृथ्वीच्या कक्षेचा धरला, सहा महिन्यांच्या अंतराने कक्षेच्या दोन टोकांवरून कोन घेतले, आणि अपूर्णांकातल्या विकलांवरून अंतर ठरविले. आणि हे नाते दूरचेही नाही. ज्या लॅम्बटनने मद्रासेकडून त्रिकोणमितीची मोजणी उत्तरेस आणली, तो १८२३ च्या जानेवारीत आमच्या शेजारच्या हिंगणघाटास वारला. त्याच्यामागून आलेल्या एव्हरेस्टने एलिचपूरच्या परिसरातल्या टाकळखेड्यास तंबू ठोकून रात्री ताऱ्यांचे वेध घेतले, कारण गाव पृथ्वीवर कोठे आहे हे ताऱ्यांना विचारल्यावाचून कळत नाही. आणि उत्तरेच्या डोंगरांच्या आकर्षणाने ओळंब्याची दोरी किंचित त्यांच्याकडे झुकते, याचाही हिशोब त्याने मांडला. गाविलगडच्या डोंगराने ओळंबा लाच न घेता फितविला, हे वाचून मी त्या साहेबाला मनोमन नमस्कार केला.

ही थोरवी मी घरात सांगितली तेव्हा सौभाग्यवतींनी भाजी निवडता निवडता एवढेच विचारले, “अहो, मग त्या परीक्षेत पास झालात तर पेन्शन वाढते का?” गल्लीतल्या मंडळींचे समाधान याहून कठीण होते. अक्षय्य तृतीया जवळ आली होती, भेंडवळच्या घटमांडणीचे भाकीत यंदा काय निघते याकडे सर्वांचे डोळे होते, आणि आपल्यातला एक मनुष्य आकाशाचा रीतसर अभ्यास करीत असता त्याने मृगाचे वाहन कोणते व सोयाबीन पेरावे की तूर, हे सांगू नये, याला ते माझा आखडूपणा समजत. मराठी विज्ञान परिषदेची मंडळी उल्कावर्षावाच्या सूचना वर्तमानपत्रात देतात, त्यांच्याकडे मी बोट दाखवी. “ते फुकट सांगतात,” समोरचे गृहस्थ म्हणत, “तुमी तं पैसे भरून शिकून राह्यले, तुमाले जास्त माहीत असन.”

या एकाकी अवस्थेत अकोल्याहून कुमक आली. माझे मेहुणे, म्हणजे सौभाग्यवतींचे धाकटे बंधू, सरकी-पेंडीच्या पेढीवर जमाखर्च लिहून नुकतेच मोकळे झाले होते. बहिणीकडून माझी हालहवाल कळताच, भाऊजींना येते ते आपल्याला का येऊ नये, या शुद्ध वैज्ञानिक प्रेरणेने त्यांनी त्याच अभ्यासक्रमात नाव घातले. अमरावती व अकोला यांच्यातली स्पर्धा ज्यांना ठाऊक नाही त्यांना पुढचे कळणार नाही. विद्यापीठ आमच्याकडे, कृषी विद्यापीठ त्यांच्याकडे. हवा आमची, मुख्य लोहमार्ग त्यांचा, कारण आम्हांला गाडीसाठी बडनेऱ्यास जावे लागते. उन्हाळ्यात पारा कोणाकडे अधिक चढला यावरसुद्धा अकोलेकर विजयाने मिशीला पीळ देतात. आता या कलहात आकाश ओढले गेले.

पहिली चकमक सूर्योदयावरून झाली. अकोल्याहून अमरावती पाऊण अंशाने पूर्वेस असल्यामुळे सूर्य आमच्याकडे तीन मिनिटे आधी उगवतो, हे मी त्यांना दूरध्वनीवर सहज म्हणून कळविले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, “तीन मिनिटं आधी उगवून तुमी करता काय भाऊजी? चहा तं आठलेच घेता.”

त्याचा सूड त्यांनी मे महिन्यात घेतला. सूर्य उत्तरेस सरकताना मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात आमच्या अक्षांशावर येतो, त्या दिवशी मध्यान्ही तो अगदी डोक्यावर असतो, आणि सरळ उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. अकोला किंचित दक्षिणेस असल्यामुळे हा मान त्यांना आधी मिळतो व अमरावतीला मागाहून. मध्यान्ह घड्याळात बाराला होत नाही, सव्वाबाराच्या सुमारास होतो, कारण आपण घड्याळे मिर्झापूरच्या बाजूच्या रेखावृत्तावर लावतो. हे सर्व ठीक. परंतु याच सुमारास वऱ्हाडात नवतपा लागलेला असतो, गच्चीवर पाय ठेवला तर तळवा तेथेच राहतो, आणि शहाणा मनुष्य कांदा खिशात घालूनही घराबाहेर पडत नाही. अशा मुहूर्तावर, डोक्यास उपरणे गुंडाळून, पाण्याचा गडवा गच्चीवर उपडा घालून, त्याच्या सावलीकडे टक लावून बसलेला निवृत्त अधिकारी पाहून समोरच्या घरातून आधी मुले, मग बाई, मग ते गृहस्थ क्रमाने बाहेर आले. गडव्याची सावली आक्रसत आक्रसत त्याच्या बुडाखाली शिरली आणि क्षणभर तो गडवा जमिनीवर चित्रात काढल्यासारखा दिसला. मी आनंदाने ओरडलो. गृहस्थांनी सौभाग्यवतींना हाक मारून सांगितले, “वहिनी, साहेबांले खाली घ्या.”

मेहुण्यांनी तोच प्रयोग आदल्याच दिवशी आटोपून, ‘सावली प्रथम अकोल्यास नाहीशी झाली’ असा मजकूर मला धाडला होता.

यानंतर संयुक्त मोहीम निघाली. लालांद बर्लिनमध्ये व लाकाय केप ऑफ गुड होपला, अशा दोघांनी १७५१-५२ च्या सुमारास दोन टोकांवरून एकाच चंद्राचे वेध घेऊन त्याचे अंतर काढले होते. मग अमरावती व अकोला या दोन नगरांनी काय घोडे मारले? सरळ रेषेत आमच्यामध्ये ऐंशी किलोमीटरांचा पाया आहे. या मार्गावर, लोणी ते माना यांच्या दरम्यान, २०२२ च्या जूनमध्ये पंचाहत्तर किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घालून गिनेस बुकात नोंद झाली होती, म्हणजे विक्रमास तो अपरिचितही नव्हता. (तेवढेच अंतर प्रकाश सेकंदाच्या चार हजाराव्या हिश्श्यात तोडतो, पण प्रकाश मागे काही ठेवून जात नाही, डांबर खड्डे तरी ठेवते.) मात्र एवढ्या पायावर चंद्र आपल्या जागेवरून बिंबाच्या चाळिसाव्या हिश्श्याइतकाही हलत नाही, तो फरक डोळ्यांना दिसणे नाही. तेव्हा मी उपाय सुचविला तो काळाचा. चंद्र एखाद्या ताऱ्यास झाकतो त्याला पिधान म्हणतात. चंद्राला वातावरण नसल्यामुळे तारा हळूहळू न मावळता पटकन विझतो, आणि तो विझण्याचा क्षण दोन्ही गावी टिपला तर सेकंदांच्या फरकावरून कोन व कोनावरून अंतर काढता येते.

या काही वर्षांत चंद्र कृत्तिकांच्या पुंजक्यावरून वारंवार जातो. फाल्गुनातल्या शुक्लपक्षात एका सायंकाळी तो योग आमच्या माथ्यावर आला. मी गच्चीवर दुर्बीण घेऊन, नात घड्याळ घेऊन, आणि अकोल्यास मेहुणे आपल्या माडीवर. अर्ध्या चंद्राची काळी कडा कृत्तिकांतल्या एका ठळक ताऱ्याकडे सरकत होती. ती कडा दिसत नाही. नुसता तारा एकटा पडत चालल्यासारखा वाटतो. फोनमधून मेहुणे गरजले, “गेला!” माझ्याकडे तारा अजून होता. “गेला म्हणतो ना मी! तुमाले दिसते कसा?” दोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ ते मला तारा नसल्याचे पटवीत राहिले, आणि मग तो माझ्याकडेही विझला. सूर्य आधी अमरावतीला उगवतो, परंतु तारा आधी अकोल्याला बुडतो, या न्यायनिवाड्याने ते इतके संतुष्ट झाले की गणिताची जबाबदारी त्यांनी आपण होऊन पत्करली.

जमाखर्चात मुरलेला हात. चंद्र ताऱ्यांमधून किती वेगाने सरकतो ते पुस्तकातून घेऊन, सेकंदांनी गुणून, पायाला भागून त्यांनी रात्री दहाच्या आत उत्तर पाठविले: सव्वादोन लाख किलोमीटर. पुस्तकातले अंतर सरासरी ३ लाख ८४ हजार. मी लोणारचे स्मरण करून त्यांचे अभिनंदन केले. अकरापट नाही, दुप्पटही नाही. या शास्त्राच्या रिवाजाप्रमाणे हे जवळजवळ सख्खे उत्तर होते. तेवढ्यात नातीने कागद ओढून घेतला आणि पेन्सिलीचे टोक चावीत म्हणाली, “आबा, चंद्र सरकत होता तेव्हा अमरावती आणि अकोला कुठे थांबली होती? पृथ्वी फिरत होती ना!”

हिशोब उघड होता. आमच्या अक्षांशावर भूमी सेकंदाला चारशे तीस मीटरांहून अधिक वेगाने पूर्वेस धावते. चंद्राची छाया अकोल्यावरून निघाली, पण अमरावती तिच्यापुढे पळत होती, म्हणून तिला गाठावयास उशीर लागला, आणि तो उशीर आम्ही चंद्राच्या नावावर चढविला. ज्या हद्दीच्या दगडांना अचल मानून मी पस्तीस वर्षे पंचांच्या सह्या घेतल्या, ते सारे दगड ध्वनीहून जलद वेगाने धावत होते, आणि पंचनाम्यात त्याचा उल्लेख नाही! दुरुस्ती घातल्यावर अंतर पुस्तकाच्या पुष्कळच जवळ आले.

हे मेहुण्यांना कळविणे प्राप्त होते. त्यांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “पोरीचं गणित बरोबर असन भाऊजी, पण अकोला कुठी पळते? मी सकायी उठलो तं जागच्या जागी होता. पळत असन तं तुमची अमरावती पळत असन.”